सातव्या दिवशी न आलेले

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी तेव्हा होतो, तिथे माझ्याकडे एका परदेशी क्लायंटचा डॅशबोर्ड होता. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एका देशात पुरुषांच्या सुंतेचा मोठा कार्यक्रम चालू होता, त्याचा डेटा आमच्याकडे यायचा. किती शस्त्रक्रिया झाल्या, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वयाच्या लोकांवर. आणि शेवटच्या कॉलममध्ये गुंतागुंत झाली का, झाली असेल तर १, नसेल तर ०. एका शुक्रवारी संध्याकाळी तिकीट आलं, टक्केवारीच्या जागी काहीतरी भलतंच दिसतंय. बघितलं तर शेवटच्या कॉलममधल्या हजारो जागा रिकाम्या. मी एका ओळीचा कोड लिहिला: रिकामं असेल तिथे शून्य भर. पान नीट दिसायला लागलं. गुंतागुंतीचं प्रमाण छानपैकी खाली आलं. क्लायंटचा आभाराचा ईमेल आला, मी घरी जाऊन बिर्याणी मागवली.

सोमवारी आमच्या टीममधली टेस्टर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "अरे, ही माणसं सातव्या दिवशी तपासायला आलीच नाहीत, म्हणून जागा रिकामी आहे ना? मग ती बरी आहेत हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, "त्रास झाला असता तर आले असते की."

"कशावरून?"

या 'कशावरून'चं उत्तर शोधायला मी वाचायला लागलो, आणि त्या तिकिटापेक्षा बराच लांब गेलो.

आधी शब्दाबद्दल. सुंता हा शब्द आपल्याकडे कुजबुजत तरी उच्चारतात, नाहीतर एका समाजाला हिणवायला वापरतात. ऑफिसात आम्ही सगळेच 'प्रोसिजर' म्हणायचो आणि एकमेकांकडे न बघता मीटिंग संपवायचो. इथे तो फक्त एका शस्त्रक्रियेचं नाव आहे. पुरुषाच्या लिंगाच्या टोकावरची त्वचा काढायची, कडा शिवायच्या, पट्टी बांधायची.

ही शस्त्रक्रिया एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी करतात हे मला त्या प्रोजेक्टआधी माहीतच नव्हतं. आफ्रिकेत ज्या भागांत सुंतेची प्रथा आहे तिथे पुरुषांमध्ये एचआयव्ही कमी दिसतो, हे १९८० च्या दशकापासून अभ्यासकांच्या लक्षात येत होतं. पण त्याचं कारण धर्म असेल, राहणी असेल, आणखी काही असेल. म्हणून तीन ठिकाणी रीतसर चाचण्या झाल्या: दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळचं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि युगांडातला राकाई जिल्हा. तिन्ही मिळून अकरा हजारांच्या आसपास पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांची सुंता लगेच केली, उरलेल्यांना नंतर करून देऊ असं सांगितलं. किसुमूमध्ये सुंता झालेल्या गटात २२ जणांना लागण झाली, न झालेल्या गटात ४७ जणांना. बाकी दोन्हीकडेही साधारण असंच चित्र. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण निम्म्याहून जास्त घटली. फरक इतका स्पष्ट होता की तिन्ही चाचण्या मुदतीआधी थांबवल्या, कारण दुसऱ्या गटाला वाट बघायला लावणं हाच अन्याय झाला असता. कारणही समजण्यासारखं आहे. त्या त्वचेची आतली बाजू नाजूक असते, तिला बारीक चिरा पडतात, आणि विषाणू ज्या पेशींना धरतो त्या पेशी तिथे पृष्ठभागाजवळ असतात.

मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी शिफारस केली. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले चौदा देश निवडले, पुढे दक्षिण सुदान धरून पंधरा झाले. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या पेपफार योजनेचा. २०१६ पर्यंत दोन कोटींहून जास्त शस्त्रक्रियांचं लक्ष्य ठरलं. ते वेळेत गाठलं गेलं नाही, पण २०१९ अखेरपर्यंत आकडा पावणेतीन कोटींच्या जवळ गेला. माणसाच्या इतिहासात निरोगी लोकांवर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांच्या एवढ्या मोठ्या मोहिमा फार झालेल्या नाहीत. एक आपल्याकडे झाली होती. तिच्याकडे शेवटी येतो.

निरोगी या शब्दापाशी मी अडकलो. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला डॉक्टर कापतो तेव्हा हिशेब सरळ असतो, न कापण्याचा धोका मोठा असतो. इथे टेबलावर झोपलेला माणूस ठणठणीत आहे. तेव्हाच्या अंदाजांनुसार, जिथे साथ जोरात आहे तिथे दहा वर्षांत एक लागण टाळायला ५ ते १५ शस्त्रक्रिया कराव्या लागतात. सार्वजनिक आरोग्याच्या भाषेत हा फार स्वस्त सौदा आहे. पण मग त्या पंधरांतल्या चौदा जणांना त्या दहा वर्षांत शस्त्रक्रियेने काही फरक पडणार नव्हता. ते चौदा कोण आणि तो एक कोण, हे ना त्यांना कळणार, ना आपल्याला. लशीचंही असंच असतं म्हणा. फक्त लशीनंतर सहा आठवडे जखम जपावी लागत नाही.

आणि न करण्याचीही किंमत होती, हे विसरून चालणार नाही. एस्वातिनीमध्ये, म्हणजे तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, चारातल्या एका प्रौढ माणसाच्या रक्तात हा विषाणू होता. औषधं सगळ्यांपर्यंत पोचलेली नव्हती. अशा ठिकाणी 'आधी प्रत्येक जिल्ह्यात चांगलं ऑपरेशन थिएटर होऊ दे, मग बघू' म्हणणं ही सावधगिरी झाली नसती. त्या वाट बघण्यातही माणसं मेली असती, फक्त ती कोणाच्या नावावर लागली नसती. म्हणून हे सगळं थांबवायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रश्न मोहीम करावी की नाही हा नाहीच. गरीब ठिकाणी, घाईने, लाखोंच्या संख्येत एखादी गोष्ट करताना 'सुरक्षित आहे' असं म्हणायचा अधिकार कशाने मिळतो, हा आहे.

किसुमूच्या चाचणीत सुंता झालेल्यांपैकी दीड टक्का पुरुषांना शस्त्रक्रियेशी संबंधित त्रास झाला, आणि तो लवकर बराही झाला. त्याच पश्चिम केनियात बुंगोमा आहे. तिथल्या बुकुसू समाजात सम वर्षांच्या ऑगस्टमध्ये मुलांची सुंता करायची जुनी रीत आहे. २००४ च्या हंगामात अभ्यासकांनी तिथल्या हजारभर मुलांची माहिती घेतली. पारंपरिक पद्धतीने, गावातल्या माणसाकडून केलेल्यांत ३५.२ टक्के मुलांना गुंतागुंत झाली. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. शहरी माणसाचा उद्धटपणा, दुसरं काय. पण दवाखान्यात नेलेल्या मुलांतही हे प्रमाण १७.७ टक्के होतं. दोन अभ्यासांचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवू नयेत हे मान्य, तरी दीड आणि पावणेअठरा यांच्यामध्ये नुसती मोजण्याची पद्धत बसत नाही. दवाखान्यावर पाटी होती, आत पांढरा कोट होता. शिकवलेला हात नव्हता, पुरेशी अवजारं नव्हती, निर्जंतुक करायची धड सोय नव्हती.

म्हणजे सुरक्षितता त्या शस्त्रक्रियेत नसते, आजूबाजूच्या कंटाळवाण्या गोष्टींत असते. उदाहरणार्थ वजनकाटा. भूल द्यायला लिग्नोकेन वापरतात, त्याचा जास्तीत जास्त डोस माणसाच्या वजनावर ठरतो. काटा बिघडला असेल तर बारक्या मुलाला अंदाजाने सुई टोचली जाते. किंवा घड्याळ: शस्त्रक्रियेनंतर माणसाला थोडा वेळ बसवून रक्तस्राव बघायचा असतो, बाहेर रांग असेल तर ती पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये वेग वाढवायची पद्धत लिहून काढली. एका खोलीत अनेक पलंग, अवजारांची तयार पाकिटं, रक्त थांबवायला विजेचं उपकरण. टाके-पट्टी नर्स करणार, सर्जन फक्त मुख्य काम करून पुढच्या पलंगाकडे. बऱ्याच ठिकाणी शस्त्रक्रियाही डॉक्टरऐवजी प्रशिक्षित नर्स किंवा क्लिनिकल ऑफिसर करू लागले. हे ऐकून आपल्याला 'गरिबांसाठी दुय्यम माल' असं वाटतं. मला मात्र पटलं, की रोज तेच काम करणारी नर्स महिन्यातून एकदा करणाऱ्या सर्जनपेक्षा बरी. २००९ च्या अखेरीस केनियात तीस कामाच्या दिवसांत छत्तीस हजारांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. शिस्त असेल तर वेग आणि काळजी एकत्र नांदू शकतात.

पण वेगात ठरलेल्या चौकटीबाहेरचा माणूस दिसत नाही. आमच्या भाषेत एज केस. शस्त्रक्रियेच्या एका सोप्या पद्धतीत त्वचा पुढे ओढून चिमटा लावतात आणि चिमट्याच्या पुढचं कापतात. मोठ्या पुरुषात हे सोपं आहे. लहान मुलात त्वचा आतल्या भागाला चिकटलेली असू शकते आणि चिमट्यात काय आलंय ते दिसत नाही. काही मुलांच्या लिंगाच्या टोकाला इजा झाली, काहींच्या मूत्रनलिकेला छिद्र पडून लघवी भलतीकडून यायला लागली. असं फार थोड्या मुलांचं झालं. मग पंधराच्या खालच्यांसाठी ही पद्धत नको असं ठरलं, आणि २०२० मध्ये पेपफारने किमान वयच पंधरा केलं. तोवर शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा ते चौदा वयाच्या मुलांचा वाटा मोठा होता. का? लागणीचा धोका ताबडतोब कोणाला, तर विशी-पंचविशीतल्या पुरुषाला. पण तो मजुरीवर जातो, लाजतो, उद्या येतो म्हणतो. मुलं शाळेत एका जागी सापडतात आणि सुट्टीत रांगेने येतात. लक्ष्य संख्येचं होतं, आणि संख्या मुलांनी भरून निघत होती. माझ्या कंपनीत बंद केलेल्या तिकिटांवर बढती मिळायची, तेव्हा आम्हीही सोपी तिकिटं आधी उचलायचो. फक्त तिकिटाला लघवी करताना दुखत नाही.

यंत्राचीही गोष्ट अशीच. प्रेपेक्स नावाचं एक साधन होतं. त्वचेवर घट्ट रबरी कडं बसवायचं, रक्तपुरवठा बंद होऊन त्वचा मरते, आठवड्याने ती काढून टाकायची. सुई नाही, टाके नाहीत. रवांडाने ते उत्साहाने घेतलं, २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही मिळाली. मग धनुर्वाताचे रुग्ण दिसू लागले, काही दगावले. मेलेली त्वचा आठवडाभर अंगावर राहते, आणि धनुर्वाताच्या जंतूला अशीच हवाबंद जागा लागते. पण मला थांबवलं ते दुसऱ्या एका कारणाने. या देशांत धनुर्वाताची लस बाळांना मिळते, पुढे गरोदर बायकांना मिळते. मोठ्या होणाऱ्या मुलांना आणि पुरुषांना नंतरचे डोस देणारं कोणीच नव्हतं. बायकांच्या शरीराकडे व्यवस्थेचं निदान बाळंतपणापुरतं तरी लक्ष होतं, पुरुषाची गाठ पहिल्यांदा पडली ती थेट या कड्याशी. २०१६ मध्ये सूचना आली, कडं बसवण्याआधी लशीचे दोन डोस झालेले हवेत. म्हणजे जे साधन 'सुईशिवाय' म्हणून आलं होतं, त्याला दोन सुया लागल्या. पुढे त्याचा वापर बहुतेक थांबला.

या कार्यक्रमाच्या नावात 'ऐच्छिक' हा शब्द आहे, आणि तो शोभेचा नाही. केनियातल्या लुओ समाजात सुंतेची प्रथा नव्हती. त्यावरून त्यांना राजकारणात पोरं म्हणून हिणवलं जायचं. २००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात जमावांनी लुओ पुरुषांना पकडून बळजबरीने त्यांची सुंता केली. सरकारी चौकशी आयोगाने त्याची नोंद केली आहे. आणि त्याच २००८ साली लुओंच्याच न्यान्झा प्रांतात हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. रस्त्यावर जे शस्त्र होतं तेच दवाखान्यात औषध म्हणून येणार होतं. राइला ओडिंगा स्वतः लुओ, तेव्हा पंतप्रधान. त्यांनी जाहीरपणे पाठिंबा दिला आणि लोक हळूहळू आले. हे कसं घडू शकलं याचं मला अजून नवल वाटतं. बहुधा नाही म्हणता येत होतं म्हणूनच हो म्हणता आलं.

नाही म्हणता येत होतं याचा एक पुरावाही आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केनियातल्या पुरुषांना बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून अन्नाची कूपनं देऊ केली. काही न देता १.६ टक्के आले. २०० शिलिंगांच्या कूपनला १.९, ७०० च्या कूपनला ६.६, १,२०० च्या कूपनला ९ टक्के. लाच देऊन गरिबांना कापलं, असा आरोप करण्याआधी उरलेल्या ९१ टक्क्यांकडे बघावं. गरीब माणूस आपल्याला वाटतो तेवढा विकाऊ नसतो.

आता सातवा दिवस.

नियम असा की शस्त्रक्रियेनंतर माणसाने दुसऱ्या, सातव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं. आपण त्या जागी आहोत असं समजा. दवाखाना वीस किलोमीटर लांब, बसभाडं नाही, चालताना दुखतंय, आणि तिथे जाऊन अनोळखी नर्ससमोर कपडे उतरवायचे. बरं वाटत असेल तर कोणी जात नाही. फार वाईट वाटत असेल तरी कदाचित जात नाही. गावातल्या माणसाकडून काहीतरी लावून घेतो, कारण तो जवळ आहे आणि ओरडत नाही. 'त्रास झाला असता तर आले असते' हे वाक्य बोलणाऱ्याच्या घरासमोर रिक्षा उभी असते.

झिम्बाब्वेत यावर प्रयोग झाला, २०१९ मध्ये त्याचे निकाल छापून आले. काही पुरुषांना नेहमीप्रमाणे तपासणीला बोलावलं. काहींना बोलावलंच नाही. त्याऐवजी तेरा दिवस रोज एक एसएमएस: काही त्रास आहे का? हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. हो आलं की नर्स बोलून गरज पडली तर बोलावणार. साधे फोन, साधा एसएमएस. आमच्या टीमने दोन आठवड्यांत बांधलं असतं. नेहमीच्या पद्धतीत गुंतागुंत सापडली ०.८४ टक्के. एसएमएस गटात १.८८ टक्के.

दुसरा गट कमी सुरक्षित होता का? शस्त्रक्रिया तीच, हात तेच. फक्त रोज कोणीतरी विचारत होतं. मी हा निकाल टेस्टरला पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला, जो मला लागला.

मग मी आमच्या पानावर तिसरा आकडा टाकला: झाली, नाही झाली, माहीत नाही. माहीत नसलेल्यांचा करडा पट्टा काही जिल्ह्यांत बाकी दोन्हींपेक्षा रुंद दिसू लागला. क्लायंटकडची बाई भली होती. कॉलवर म्हणाली की हे बरोबर आहे, पण देणगीदारांच्या तिमाही अहवालात जुनीच व्याख्या ठेवा, मध्येच बदलली तर लोक घाबरतील. तिचं म्हणणं अगदी वेडगळ नव्हतं. करडा पट्टा बघून कोणी पैसा काढून घेतला तर लागण होणारच होती. अंतर्गत पान तीन आकड्यांचं झालं, अहवाल दोन आकड्यांचा राहिला. त्या अहवालाचा कोडही मीच लिहिला. वर्षभराने मी नोकरी बदलली.

त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजोबांना हे सगळं सांगितलं. नातू काय काम करतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं. ते प्राथमिक शिक्षक होते. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्याविनाही काम चालू होतं. त्या एका वर्षात देशभरात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली. शिक्षकांना केसेस आणायला सांगितलं जायचं. त्यात आणि आफ्रिकेतल्या कार्यक्रमात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मी आजोबांनाही समजावला. तिकडे माणसाला नाही म्हणता येतं, आणि फायदा त्याचा स्वतःचा असतो.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला तीन आणायला सांगितल्या होत्या. पगार अडवला होता. आणल्या."

त्यांतला एक शेतमजूर होता. आठव्या दिवशी आजोबांना राहवलं नाही, ते त्याच्या वस्तीवर गेले. तो बाजेवर पडला होता, मांडीपर्यंत सूज, अंगात ताप. कॅम्प केव्हाच उठून पुढच्या तालुक्याला गेला होता. आजोबांनी त्याला बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण पुढे कधी आमच्या दारावरून गेला नाही.

मी विचारलं, "आणि बाकीचे दोघं?"

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"त्यांच्याकडे नाही गेलो," ते म्हणाले.